बंदी आवाजावर होती

हॉलिवूडच्या निर्मात्यांनी १९३० साली स्वतःसाठी एक आचारसंहिता लिहून घेतली आणि १९३४ पासून ती कडकपणे पाळायला लावली. 'हेज कोड' या नावानं ती ओळखली जाते. पडद्यावर काय चालणार नाही याची एक यादी १९३९ मध्ये तिला जोडली गेली. तिच्यात शिव्या आहेत, बायकांना उद्देशून वापरायचे हलके शब्द आहेत, देवाचं नाव भलत्या ठिकाणी घेणं आहे. फिरता विक्रेता आणि शेतकऱ्याची मुलगी यांचे चावट किस्से आहेत. 'टॉयलेट गॅग्ज', म्हणजे संडासावरचे विनोद, तेही आहेत. आणि या सगळ्या शब्दांच्या गर्दीत दोन नोंदी अशा आहेत की त्यांच्यापुढं कंसात खुलासा करावा लागला आहे: आवाज. एक 'ब्राँक्स चिअर' आणि दुसरी 'राझबेरी'. दोन्ही एकाच गोष्टीची नावं. जीभ ओठांत धरून जोरानं फुंकर मारली की पादल्यासारखा जो आवाज निघतो, तो.

ही यादी करणाऱ्या माणसांना विनोदाची जाण नव्हती असं म्हटलं जातं. मला तसं वाटत नाही. या विनोदाचा जीव कुठं आहे ते त्यांना नेमकं कळलं होतं.

मी हे बोलतो ते धंद्यामुळं. मुंबईच्या डबिंग थिएटरांमधून इफेक्ट देण्यात माझा जन्म गेला. पडद्यावर नायिका जिना उतरायची, तिची पावलं मी वाजवायचो. दाराची कडी, कपबशी, साडीची सळसळ, मारामारीतला ठोसा, पावसात चिखलात रुतलेली चप्पल, सगळं अंधाऱ्या खोलीत, पडद्याकडं बघत, हातापायांनी करायचं. या कामाला जॅक फोली या अमेरिकन माणसाचं नाव आहे. बोलपट नवे होते तेव्हा, १९२९ च्या 'शो बोट' या चित्रपटासाठी त्यानं युनिव्हर्सल स्टुडिओत असे आवाज देण्याची सुरुवात केली. आम्ही त्याला नुसतं 'इफेक्ट' म्हणायचो. आणि या कामात एक गोष्ट पक्की कळते. पाद हा बघायचा विनोद नाहीच. चित्रात काय असतं? एक माणूस बसलेला असतो. आवाज काढून टाका, काहीच घडलेलं नाही. म्हणून या विनोदाचा इतिहास सांगायचा तर रंगमंचाचा, तबकडीचा आणि ध्वनिपट्टीचा इतिहास सांगावा लागतो, आणि मला तो मनापासून सांगायचा आहे, कारण यात पोट भरणारी माणसं कारागीर होती आणि त्यांची नोंद कुणी नीट ठेवली नाही.

नोंद मुळीच नाही असं नाही. बाराव्या शतकात इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्री राजाकडं रोलंड नावाचा एक विदूषक होता. सफोक परगण्यातल्या हेमिंगस्टोन गावी त्याला जमीन इनाम होती, सुमारे तीस एकर. तिचा सारा पैशात नव्हता. दर नाताळात राजासमोर एक उडी, एक शीळ आणि एक पाद, एवढं करून दाखवायचं. जमिनीच्या सरकारी दप्तरात हे लॅटिनमध्ये लिहून ठेवलेलं आहे. आपल्याकडं तमासगिरांना, नकलाकारांना, बहुरूप्यांना इनामं मिळाली तशातलंच हे.

जपानातली नोंद मला त्याहून मोलाची वाटते. १७७४ साली हिरागा गेन्नाई या विद्वानानं पादण्यावर एक निबंध लिहिला. गेन्नाई साधा माणूस नव्हता. वनस्पतींचा अभ्यासक, घर्षणानं वीज काढणारं यंत्र जुळवणारा, नाटकं लिहिणारा. एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, र्‍योगोकू पुलाजवळ खेळ-तमाशांची वस्ती होती. तिथं एक माणूस पादून निरनिराळे आवाज काढून दाखवत असे आणि लोकांची झुंबड उडत असे. त्यावर चिडलेल्या एका सामुरायाशी गेन्नाई निबंधात वाद घालतो. त्याचं म्हणणं असं, की बाकीचे कलावंत गुरूनं दिलेलं गिरवत बसतात. या माणसाला ना गुरू, ना परंपरा, ना हातात वाद्य. त्यानं सगळं स्वतः शोधून काढलं. विद्वानानं अशा कलावंताची अशी बाजू घेतल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो त्याच्याकडं येतो.

जोसेफ पुझोल १८५७ साली फ्रान्समध्ये मार्सेय बंदरात जन्मला. बाप गवंडी आणि मूर्तिकार. पोरवयात एकदा समुद्रात पोहताना त्यानं श्वास रोखून डोकं पाण्याखाली घातलं आणि मागून थंडगार पाणी आत शिरल्यासारखं वाटलं. घाबरून किनाऱ्यावर आला तर ते पाणी बाहेर पडू लागलं. डॉक्टरनं सांगितलं, काळजीचं कारण नाही. पुढं लष्करात असताना बराकीतल्या दोस्तांना त्यानं ही गोष्ट सांगितली, त्यांनी करून दाखवायचा आग्रह धरला, आणि घमेल्यातलं पाणी आत ओढून तो लांबवर फवारा मारू लागला. मग लक्षात आलं की पाण्यासारखी हवाही ओढता येते. हीच सगळ्याची गोम. तो पादतच नव्हता. पोटाच्या स्नायूंनी बाहेरची हवा आत घ्यायची आणि गुदद्वार हवं तसं आवळत ती सोडायची, असं त्याचं तंत्र होतं. त्यामुळं वास नाही आणि हवेचा तोटा नाही. गवय्या दम राखतो तसा तो दम राखत होता, फक्त खालच्या टोकाला.

पेशानं तो बेकरीवाला. दुकानात गिऱ्हाइकांना वाद्यांचे आवाज काढून दाखवायचा आणि गल्ल्यामागं वाद्य लपवलंय असं सांगायचा. १८८७ मध्ये मार्सेयमध्ये तो रंगमंचावर उभा राहिला आणि १८९२ मध्ये पॅरिसच्या मूलां रूजमध्ये पोचला. हे नाट्यगृह तेव्हा उघडून तीनच वर्षं झाली होती. त्यानं घेतलेलं नाव 'ल पेतोमान', म्हणजे पादण्याच्या नादी लागलेला.

अंगात लाल कोट, खाली काळी विजार, हातात पांढरे मोजे, चेहरा गंभीर. आधी तो प्रेक्षकांना नम्रपणे सांगायचा की माझ्या या कलेला वास नाही. मग एकेक नमुना. ही लहान मुलगी. ही सासू. ही नवरी पहिल्या रात्री, अगदी बारीक. हीच नवरी दुसऱ्या दिवशी, दणदणीत. हा गवंडी. ही शिंपीण दोन वार कापड फाडते आहे, आणि खरोखर कापड फाटत गेल्यासारखा लांबलचक आवाज. मग तोफ. मग ढगांचा गडगडाट. मग रबरी नळीला ओकारिना नावाचं छोटं फुंकवाद्य जोडून तो एखादी ओळखीची चाल वाजवायचा आणि शेवटी काही हातांवर ठेवलेली मेणबत्ती फुंकून विझवायचा. हसूनहसून कमरेला घट्ट काचोळ्या बांधलेल्या बायकांना घेरी यायची, म्हणून नाट्यगृहात परिचारिका ठेवाव्या लागल्या असं सांगतात. त्याच्या चरित्रात असंही आहे की रविवारच्या एका खेळाला वीस हजार फ्रँक जमायचे, आणि त्या काळी सारा बर्नहार्टसारख्या नटीच्या खेळाला आठ हजार. आकडे घरच्या लोकांनी थोडे फुगवले असतील. पण त्याच वर्षी एका डॉक्टरनं त्याला तपासून वैद्यकीय नियतकालिकात त्याच्यावर लेख लिहिला, हे खरं. ठरावीक पुरुष प्रेक्षकांसाठी तो खासगी खेळही करायचा, मागून मोकळी असलेली विजार घालून, म्हणजे कुठं काही लपवलेलं नाही याची खात्री पटावी.

त्याच्या आयुष्यातला मला सगळ्यात आवडणारा प्रसंग १८९४ चा आहे. बाजारात आल्याच्या वड्या-बिस्किटं विकणारा त्याचा एक मित्र अडचणीत होता. ठेल्याकडं कुणी फिरकत नव्हतं. पुझोल तिथं उभा राहिला आणि गर्दी जमावी म्हणून रस्त्यावर फुकट चार आवाज काढले. मूलां रूजच्या मालकांनी करार मोडला म्हणून त्याला कोर्टात खेचलं आणि तीन हजार फ्रँकचा दंड बसला. त्यानं दंड भरला, मूलां रूज सोडलं आणि आपला स्वतःचा फिरता तंबू काढला. 'थिएटर पोंपादूर' हे त्याचं नाव. मालकांनी मागं एक बाई उभी केली. ती झग्याखाली भाता लपवून आवाज काढत होती, ते उघड झालं आणि तिचं हसं झालं. पुझोल मात्र पुढची वीसेक वर्षं आपल्या कलेत भर घालत राहिला. एका शेतावरच्या जनावरांची गोष्ट तो आवाजांसकट सांगायचा. १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मोठा भूकंप झाला तेव्हा तो भूकंपही त्याच्या कार्यक्रमाच्या शेवटी आला.

पहिल्या महायुद्धानं हे सगळं संपलं. मुलगे लढाईवर गेले, जायबंदी होऊन परत आले, आणि पुझोलचं मन रंगमंचावरून उडालं ते कायमचं. तो मार्सेयला बेकरीत परतला, पुढं तुलोंमध्ये बिस्किटांचा कारखाना काढला, नातवंडांत रमला आणि १९४५ साली अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी वारला. मरणानंतर शरीर तपासायला द्यावं म्हणून विद्यापीठातून घरच्यांना मोठी रक्कम देऊ केली होती. त्यांनी नकार दिला.

त्याची एक छोटी चित्रफीत आहे. १९०० च्या सुमाराची. लाल कोट त्यात काळाच दिसतो. तो वाकतो, हात गुडघ्यांवर ठेवतो, सरळ होतो, पुन्हा वाकतो. चित्रफीत मुकी आहे. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या पादकलावंताचं हलतं चित्र आपल्याकडं आहे आणि त्यातून कलाच तेवढी गळून गेली आहे. माझ्या धंद्यातल्या माणसाला ही चित्रफीत बघवत नाही. हात शिवशिवतात. वाटतं, पडद्यासमोर बसावं आणि प्रत्येक वाकण्याला त्याचा आवाज द्यावा, ही सासू, हा गवंडी, ही शिंपीण. पण तो माझा आवाज होईल, पुझोलचा नाही.

ग्रामोफोन तोवर घरोघर पोचला होता, तरी हा आवाज तबकडीवर राजरोस यायला वेळ लागला. आधी तो रबराच्या उशीतून आला. १९३० च्या सुमारास कॅनडातल्या टोरंटोत एका रबर कारखान्यातल्या कामगारांनी उरलेल्या तुकड्यांशी खेळताखेळता बसल्यावर वाजणारी उशी बनवली. ती विकायला सॅम्युएल अ‍ॅडम्स या माणसाकडं नेली. हा अमेरिकेतला गमतीच्या वस्तूंचा मोठा व्यापारी, शिंकेची पूड त्यानंच बाजारात आणलेली. त्यानं उशी नाकारली, फारच गावंढळ म्हणून. दुसऱ्या कंपनीनं टपालानं विकायला घेतली आणि ती धो धो खपली. मग अ‍ॅडम्सनंही आपली एक उशी काढली. नाक मुरडणारे शेवटी रांगेत येतात, हा या विषयातला नेहमीचाच अनुभव.

त्याच टोरंटोत १९४० च्या दशकात रेडिओवाल्यांनी आपसात गंमत म्हणून एक ध्वनिमुद्रण केलं. पादण्याच्या जागतिक अजिंक्यपदाचा सामना आणि त्याचं धावतं वर्णन. इंग्लंडचा लॉर्ड विंडस्मियर विरुद्ध ऑस्ट्रेलियाचा पॉल बूमर. निवेदकाचा आवाज खऱ्या मुष्टियुद्धाचं वर्णन करावं तितका गंभीर, प्रेक्षकांचा गलका, पंचांचे निर्णय, आणि मधूनमधून खेळाडूंची कामगिरी. अधिकृतपणे ते बाहेर पडायचं नव्हतं. पण प्रतींवरून प्रती निघाल्या आणि काउंटरखालून त्या वर्षानुवर्षं विकल्या गेल्या. मी त्याची एक प्रत ऐकली आहे. त्यातली खरी करामत निवेदकाची. तो एकदाही हसत नाही. आवाज देणाऱ्यांनीही घाई केलेली नाही. खेळाडू जागेवर येतो, कुजबुज थांबते, आणि मग ते वाट बघायला लावतात. इतकी वाट बघायला लावतात की आवाज येण्याआधीच ऐकणारा फुटतो.

याच्या थोडं आधी, दुसऱ्या महायुद्धात, या आवाजाला देशभक्तीचं काम मिळालं होतं. डिस्नेच्या संगीतकार ऑलिव्हर वॉलेसनं हिटलरची टर उडवणारं एक गाणं केलं. स्पाइक जोन्स आणि त्याच्या वाद्यवृंदानं १९४२ च्या जुलैत ते तबकडीवर घेतलं. जोन्सचा वाद्यवृंद म्हणजे पिस्तुलं, गाईच्या गळ्यातल्या घंटा, मोटारीचे भोंगे आणि धुण्याची फळी. या गाण्यात हिटलरला सलामी दिली की लगेच रबराच्या एका वाद्यातून सणसणीत पादरा आवाज यायचा. कंपनी बिचकली. म्हणून त्या जागी ट्रॉम्बोन वाजवून दुसरी, सोवळी प्रतही घेतली गेली. पण लोकांनी रबरी आवाजाचीच उचलून धरली. न्यूयॉर्कच्या एका रेडिओ निवेदकानं युद्धरोखे घेणाऱ्यांना ती तबकडी भेट द्यायला सुरुवात केली. लाखांनी खपली. तीनच वर्षांपूर्वी ज्या आवाजाचं नाव वर्ज्य यादीत कंसासकट लिहिलं होतं, तोच आता सरकारच्या तिजोरीत भर घालत होता. ज्याच्या नावानं जग थरथर कापत होतं त्याला उत्तर द्यायला शब्द अपुरे पडले होते, हा आवाज पुरला.

गाण्याचा विषय निघाला म्हणून मोझार्टबद्दल थोडं. १७८२ च्या सुमारास त्यानं व्हिएन्नात दोस्तमंडळींनी मिळून म्हणायचं सहा आवाजांचं एक गाणं रचलं. त्याचे शब्द, 'माझं ढुंगण चाट' या अर्थाचे. त्याच्या मरणानंतर प्रकाशकानं ते छापलं तेव्हा ते शब्द काढून 'आनंदात राहू या' अशा धाटणीचे शब्द घातले, आणि जवळजवळ दोनशे वर्षं बहुतेकांना मूळ गाणं ठाऊकच नव्हतं. शब्दांचं असं होतं. ते बदलता येतात, चाल तीच राहते आणि कुणाला पत्ता लागत नाही. पादाच्या आवाजाला पर्यायी शब्द नाही. तो एक तर असतो, नाही तर नसतो.

हे सगळ्यात लख्ख दिसलं ते १९७४ च्या 'ब्लेझिंग सॅडल्स'मध्ये. मेल ब्रुक्सनं वेस्टर्न चित्रपटांची टर उडवत केलेला हा चित्रपट. त्याच्या मनात साधा प्रश्न होता. वेस्टर्नमध्ये गुराखी रात्री शेकोटीभोवती बसून वाटीवाटीनं घेवडे खातात, वर काळी कॉफी पितात, आणि इतक्या वर्षांत एकदाही काही ऐकू कसं आलं नाही? मराठी माणसाला हे सांगावं लागत नाही. पादऱ्याला पावट्याचं निमित्त ही म्हण घरोघर आहे. ब्रुक्सनं शेकोटी पेटवली, गुराखी बसवले, घेवडे वाढले आणि एकेकाला थोडं थोडं उठवून आवाज दिला. कंपनीच्या वरिष्ठांनी तो प्रसंग कापायला सांगितलं. शेवटचा शब्द करारानं ब्रुक्सचा होता, त्यानं सूचना ऐकून घेतल्या आणि काहीही कापलं नाही. चित्रपटानं दहा कोटी डॉलरांच्या वर धंदा केला, आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानं जतन करायच्या राष्ट्रीय चित्रपटांच्या यादीत तो घेतला. पण मधल्या काळात तो टीव्हीवर दाखवताना काय केलं? प्रसंग ठेवला आणि आवाज पुसला. शेकोटीभोवतीची माणसं उगाचच अर्धवट उठतात आणि बसतात. पुझोलच्या चित्रफितीत होतं तेच. गंमत म्हणजे त्या चित्रपटातल्या गव्हर्नरचं आडनाव ल पेतोमान आहे, आणि ते काम ब्रुक्सनं स्वतः केलंय. त्याला पूर्वज ठाऊक होते.

आता आपल्याकडं. मी लालबागच्या चाळीत वाढलो. गॅलरीच्या टोकाला संडास, पत्र्याची दारं, वर-खाली उघडी. सकाळी डालड्याच्या डब्यांची रांग लागायची. माणूस नसला तरी डबा नंबर राखायचा. आतल्याचं सगळं बाहेर ऐकू यायचं आणि पुरुषांना त्याचं काही वाटत नसे. पोरं तर नावं ठेवायची, हा अमक्याचा मिल्सचा भोंगा, हा तमक्याचा फटाका. बायकांचं तसं नव्हतं. नवीन लग्न होऊन आलेल्या मुली आत बसून खोकत राहायच्या, बांगड्या वाजवायच्या, डब्यातलं पाणी मुद्दाम उंचावरून ओतायच्या. माझी आई पहाटे चारला, चाळ जागी व्हायच्या आत उरकून यायची, पावसाळ्यातसुद्धा. पुढं धंद्यात पडल्यावर कळलं की त्या बाया माझ्याआधी इफेक्ट देत होत्या. एक आवाज झाकायला दुसरा आवाज. आम्ही याला मास्किंग म्हणतो.

पोरांना हे झाकणं ठाऊक नसतं. गोल बसून 'आदापादा' म्हणत बोट फिरवायचं आणि दामाजीच्या घोड्यापर्यंत सगळ्यांवर आळ घ्यायचा हा खेळ मराठी घरात अजून चालतो. लोकनाट्यातल्या सोंगाड्यानंही हा आवाज तोंडानं काढून पाटील-कोतवालांना जमिनीवर आणलं. वर्दी, मिशी, तलवार सगळं जागच्या जागी असायचं, आणि सोंगाड्या नुसता एक आवाज काढून मागं बघायचा. सिनेमात मात्र आपण फार काळ गप्प होतो. शिंक, ढेकर, घोरणं चालायचं. त्याखाली कुणी उतरायचं नाही. दादा कोंडक्यांनी सेन्सॉरशी भांडणं केली ती शब्दांसाठी, दुहेरी अर्थांसाठी. तो प्रांत वेगळा.

कोंडी फुटली ती गेल्या पंधरा-वीस वर्षांत. २००९ च्या 'थ्री इडियट्स'मध्ये चतुर या पोराला 'सायलेन्सर' म्हणतात, कारण तो बिनआवाजाचा सोडतो आणि दुसऱ्यावर ढकलतो. दिग्दर्शक राजकुमार हिरानी नागपूरचे, आणि चतुर झालेला ओमी वैद्य अमेरिकेत वाढलेला मराठी मुलगा. आवाज नसणं हाच विनोद करायचा, ही मला मोठी अक्कल वाटली. २०१५ च्या 'पिकू'त उलट प्रकार. भास्कर बॅनर्जींच्या बद्धकोष्ठावर सगळा सिनेमा उभा आहे, जेवणाच्या टेबलावर त्याची चर्चा होते, पण सगळं बोलण्यात. लेखन उत्तम, माणसं खरी. इफेक्टवाल्याला मात्र त्यात काम नाही.

या दोन्हींच्या मधे २०११ चा 'देल्ही बेली'. त्याचा दिग्दर्शक अभिनय देव. रमेश देव आणि सीमा देव यांचा मुलगा. ज्या जोडप्याकडं बघून मराठी घरांनी नीटनेटका संसार कसा दिसतो ते ठरवलं, त्यांच्या घरातून हा सिनेमा आला, याचा मला आनंद वाटतो. त्यात नितीन नावाचा पोरगा रस्त्यावरची कोंबडी खातो, पोट बिघडतं, नळाला पाणी नसतं म्हणून संत्र्याच्या रसावर वेळ निभावून नेतो. त्याच्या शौचाचा नमुना डॉक्टरकडं जायच्या ऐवजी गुंडाच्या हातात पडतो, हिऱ्यांच्या पुडीच्या जागी. सिनेमाला प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र मिळालं. मला त्यातली गोष्ट भावली ती अशी की आवाज पडद्यावर चिकटवल्यासारखे येत नाहीत. त्या जुन्या घराच्या भिंती त्यात आहेत, दाराची फट त्यात आहे, आणि बिचाऱ्या नितीनची वेदनाही त्यात आहे.

हे कसं करतात ते लिहून ठेवतो, कारण विचारायला येणारे कमी झालेत. फुगा फुगवून तोंड ताणून सोडला तर आवाज चिरका येतो. कार्टूनला तो चालेल, माणसाला नाही. रेक्झिनच्या खुर्चीवर ओली उघडी मांडी सरकवली तर छोटा, चोरटा आवाज मिळतो. सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे शेकायची रबरी पिशवी. ती हवेनं अर्धी भरायची, तोंडाला खोबरेल तेलाचं बोट लावायचं, तोंड अंगठा आणि तर्जनीत धरायचं आणि पिशवी कोपरानं दाबायची. बोटं जितकी आवळाल तितका सूर वर. कोपर जितकं सावकाश तितकी लांबी. पोट बिघडलेला माणूस असेल तर आत दोन चमचे पाणी घालायचं. लाकडी बाकावरचा हवा असेल तर पिशवी फळीवर टेकवायची म्हणजे लाकूडही बोलतं. दाराआडचा हवा असेल तर फरशी बसवलेल्या मोरीत जायचं, माईक बाहेर ठेवायचा आणि दार चार बोटं उघडं. आणि आवाज नटाच्या चेहऱ्याच्या थोडा आधी पडला पाहिजे. सेकंदाला चोवीस फ्रेम जातात. आठ-दहा फ्रेम आधी आवाज, मग डोळे हलले पाहिजेत. एकाच वेळी दोन्ही आलं तर प्रेक्षक हसत नाही. आणि त्याही आधी शांतता हवी. खोलीतला पंखा, बाहेरची रहदारी हे सगळं थोडं उतरवून घ्यायचं.

आता हार्ड डिस्कवर तयार आवाजांचे संच मिळतात. एकच आवाज तीन मालिकांत आणि एका जाहिरातीत वाजलेला मी ओळखतो. आजोबांचा तोच, शाळकरी पोराचा तोच, पोलीस हवालदाराचाही तोच. पुझोलला लहान मुलगी वेगळी करावी लागत होती, सासू वेगळी, गवंडी वेगळा, आणि ते सगळं एका श्वासावर. नवी मुलं-मुली कधी शिकायला आली तर मी आधी पिशवी हातात देत नाही. बसवतो आणि विचारतो, हा माणूस कोण आहे, वय काय, दुपारी काय जेवलाय, कशावर बसलाय, शेजारी कोण आहे, त्याला हे लपवायचंय की नाही. हे सांगता आलं की मग तेलाची बाटली उघडतो.